निवडणुकीच्या बातम्यांचा नाद: काय पाहावं, कधी पाहावं, काय सोडून द्यावं?

अक्षांश
निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत महिना-सव्वा महिना जातो. २०२४ ची महाराष्ट्र विधानसभा घ्या. १५ ऑक्टोबरला घोषणा, २२ ला अधिसूचना, २९ ला अर्जाची शेवटची तारीख, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत, २० ला मतदान, २३ ला मोजणी. या चाळीस दिवसांत खरोखर नवी माहिती बाहेर येते ती ठरावीक वेळी. बाकीचा वेळ जुन्याच माहितीवर चर्चा चालते. तरी ज्यांना या विषयाचा नाद आहे ते सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत चॅनेल आणि फोन सोडत नाहीत.

नादाला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. इतक्या बारकाईनं निवडणूक पाहणारी माणसं असायलाच हवीत. विचारायचं आहे ते असं: कोणत्या टप्प्यावर कोणता कागद किंवा आकडा पाहावा, तो कुठे मिळतो, आणि कोणती गोष्ट तासन्‌तास पाहूनही हाती काही लागत नाही? जाणकारांनी नेमकं लिहावं. कोणता पक्ष चांगला यासाठी दुसरे धागे आहेत.

एबीफॉर्म
सुरुवात उमेदवारीपासून करू. तिकिटाच्या बातम्या पंधरा दिवस चालतात, पण त्यातली पक्की बातमी एकच: एबी फॉर्म (पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे कळवणारं पक्षाचं पत्र) कुणाच्या अर्जाला लागला. तो शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावा लागतो. पोचला नाही, तर पक्षाच्या यादीत नाव असूनही माणूस पक्षाचा उमेदवार ठरत नाही. म्हणून 'अमक्याचं तिकीट कापलं' ही बातमी त्या दिवशी ३ पर्यंत कच्चीच समजावी.

त्यानंतर तीन कागद पाहावेत. पहिला नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं त्यात असतं आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर चढतं. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून वाचलं, तर पाच वर्षांतला फरक स्वतःला दिसतो, कुणी सांगावा लागत नाही. दुसरा छाननीनंतरची वैध अर्जांची यादी. तिसरा माघारीनंतरची अंतिम यादी. बंडखोर राहिला की बसला हे तिसऱ्या यादीतच कळतं. माघारीच्या दिवशीसुद्धा मुदत दुपारी ३ चीच असते. त्याआधीच्या 'मनधरणी यशस्वी' वगैरे बातम्यांवर वेळ घालवू नये.

काजवा
एबीफॉर्म, अंतिम यादीत चिन्हं पण पाहावीत. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवार गटाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होतं आणि एका अपक्षाकडे नुसती तुतारी. अपक्षाला ३७,०६२ मतं पडली आणि जागा गेली ३२,७७१ मतांनी. हे चिन्हवाटप माघारीनंतर लगेच जाहीर झालेलं होतं. त्या दिवशी यादी वाचणाऱ्याला हा धोका मतदानाच्या आधीच दिसत होता.

सतरा_क
उदाहरण चांगलं आहे, पण निष्कर्ष जपून काढावा. अपक्षाची सगळीच मतं चुकून पडली असं या दोन आकड्यांवरून सिद्ध होत नाही. तपासायचं तर नमुना २०, म्हणजे निकालाचा बूथवार तक्ता, काढून पाहावं लागेल. त्या अपक्षाची मतं सगळीकडे सारखी पसरलीत की एखाद्या भागात साठलीत? अनोळखी उमेदवाराला सगळ्या तालुक्यांत जवळपास सारखाच टक्का मिळाला असेल, तर चिन्हाच्या गोंधळाची शंका बळावते. एकाच पट्ट्यात मिळाला असेल, तर कारण दुसरं असू शकतं.

मृद्गंध
मतदानाच्या दिवसाबद्दल लिहितो, कारण नाद असणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो.

टक्केवारी आयोगाच्या अॅपवर येते (२०२४ ला ते व्होटर टर्नआउट अॅप होतं). दर दोन तासांनी आकडा मिळतो: ९, ११, १, ३ आणि ५ वाजता. मधल्या वेळेत जे सांगितलं जातं ते मागच्याच आकड्यावर बोलणं असतं. आकडा वर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून साडेनऊ, साडेअकरा अशा वेळी पाहिलं की पुरतं. मतदानाच्या दिवशी पाच वेळा फोन उघडला तरी काही हुकत नाही.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. २०२४ च्या विधानसभेला ५ वाजता ५८.२२ टक्के होते, अंतिम आकडा ६६.०५ आला. त्यावर मोठा वाद झाला. वाद ज्यांना करायचा ते करोत, पण आधी आकड्याची जात समजून घ्यावी:

५ चा आकडा अंदाजे असतो. २०२४ ला क्षेत्रीय अधिकारी तो बूथांवरून फोनवर गोळा करून पुढे देत होते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मतदान ६ पर्यंत असतं, म्हणजे ५ नंतर एक पूर्ण तास बाकी असतो. ६ ला जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या वाटतात, शेवटच्या माणसापासून पुढे येत, आणि ते सगळे मत देईपर्यंत बूथ बंद होत नाही. केंद्राध्यक्ष मशीन बंद करून नमुना १७ क भरतो तेव्हा त्या बूथचा पक्का आकडा जन्माला येतो. टपाली मतं या टक्केवारीत नसतात.

म्हणून तुलना करायची तर ५ च्या आकड्याची मागच्या निवडणुकीच्या ५ च्या आकड्याशी आणि अंतिमची अंतिमशी. आजचा ५ चा आकडा मागच्या अंतिमशेजारी ठेवून 'मतदार घरी बसला' असं म्हणणं म्हणजे चुकीचं गणित.

वाटसरू
+१. वाचनखूण साठवली.

शेवटची_फेरी
मोजणीबद्दल थोडं सविस्तर, कारण फेऱ्यांचं गणित न कळताच लोक दिवसभर जीव टांगणीला लावून बसतात.

एका विधानसभा मतदारसंघाला साधारणपणे १४ टेबलं असतात, शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं वेगळं टेबल. एका फेरीत १४ बूथांची यंत्रं. एकूण बूथांना १४ नं भागलं की फेऱ्या मिळतात. ३२२ बूथ असतील तर २३ फेऱ्या. ३३० असतील तर २४, आणि शेवटची फेरी फक्त ८ बूथांची. हा भागाकार आदल्या रात्री करून ठेवावा.

बूथांचे क्रमांक भौगोलिक सलगतेनं दिलेले असतात आणि यंत्रंही त्याच क्रमानं टेबलावर येतात. पहिली फेरी १ ते १४, दुसरी १५ ते २८. म्हणजे पहिल्या तीन फेऱ्यांत जे कळतं ते बूथ १ ते ४२ चं, मतदारसंघाच्या एकाच कोपऱ्याचं. तो कोपरा कुणाचा बालेकिल्ला आहे हे माहीत नसेल तर त्या आघाडीला अर्थ नाही. 'पाचव्या फेरीअखेर ४,००० नं पुढे' या वाक्यापेक्षा 'अमक्या गावांची मोजणी संपली, अमकं शहर बाकी आहे' हे वाक्य हजारपट मोलाचं. मतदान केंद्रांची यादी हाताशी ठेवा. फेरी क्रमांक गुणिले १४ केलं की आपण कोणत्या गावापर्यंत आलो ते समजतं.

फेरीला वेळ का लागतो? चौदाही टेबलं पूर्ण होतात, प्रत्येक यंत्राचा एकूण आकडा १७ क शी जुळवतात, निरीक्षक दोन यंत्रं यदृच्छया निवडून स्वतंत्र मोजून पाहतो, मग सही, मग घोषणा. एखादं यंत्र आकडा दाखवत नसेल किंवा १७ क शी जुळत नसेल तर ते बाजूला ठेवून फेरी पुढे नेतात. शेवटी फरक अगदी थोडा असेल तर त्या बाजूला ठेवलेल्या यंत्रांनाच भाव येतो.

लोकसभेला आणखी एक पेच. महाराष्ट्रात लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघात सहा विधानसभा येतात. सहाही ठिकाणची मोजणी आपापल्या गतीनं चालते. एका विधानसभेची १८ वी फेरी आणि दुसरीची ११ वी यांची बेरीज करून आघाडी दाखवली जाते. मागे कोण राहिलंय हे बघितल्याशिवाय त्या बेरजेवर विश्वास ठेवू नये.

निळावंती
शेवटची_फेरी, फार उपयोगी. टपाली मतांचं मात्र राहिलं. सकाळी ८ ला आधी टपाली मोजणी सुरू होते, साडेआठला यंत्रं. सव्वाआठला टीव्हीवर जे 'कल' धावू लागतात ते याच टपाली मतांचे असतात. सैन्यातले मतदार, निवडणूक कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले, अत्यावश्यक सेवेतले, अशा लोकांची ती मतं. हा मतदारसंघाचा नमुना नव्हेच. सव्वाआठच्या आकड्यांवरून कुणी जिंकतही नाही, हरतही नाही.

गणपुले
जिंकतं आणि हरतंसुद्धा! मुंबई उत्तर पश्चिम, ४ जून २०२४. यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपालीत रवींद्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले. टपाली मतांनी खासदार ठरवला.

निळावंती
गणपुले, बरोबर, आणि म्हणूनच टपालीकडे सकाळी नव्हे, शेवटी पाहावं. टपाली मत बाद होण्याची कारणंही ठरलेली असतात: नमुना १३ अ च्या घोषणेवर सही नाही, साक्षांकन नाही, मतपत्रिका बंद पाकिटात नाही. विजयाचा फरक बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर बाद मतं पुन्हा तपासावी लागतात. जिथे फरक काही शेकड्यांत असेल तिथे 'किती टपाली बाद झाली' हा पहिला प्रश्न. २०२४ च्या विधानसभेलाच मालेगाव मध्य १६२ मतांनी, साकोली २०८ नं, बेलापूर ३७७ नं लागलं.

२०२५ पासून नियमही थोडा बदलला आहे. टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. त्यामुळे टपाली आकडा आता अगदी शेवटी अचानक येऊन पडत नाही.

पारावरचा
थोडक्यात काय, गुलाल शेवटच्या फेरीच्या आधी फोडायचा नाही आणि डीजे तर नाहीच नाही :)

झुंजार
माझा एक मतभेद आहे. वर सगळ्यांचा सूर 'टीव्ही बंद करा, आयोगाचं संकेतस्थळ पाहा' असा आहे. संकेतस्थळावरचा आकडा पक्का असतो, पण मागे असतो. फेरीवर सही झाली, मग ती प्रणालीत भरली, मग वर दिसली. टेबलांवरचे पक्षांचे प्रतिनिधी आकडे लिहून घेतात आणि ते बाहेर मांडवात आधी पोचतात. चांगला स्थानिक वार्ताहर संकेतस्थळाच्या दोन-तीन फेऱ्या पुढे असतो. ज्याला निकालाचा रोख लवकर ओळखायचा आहे त्यानं फक्त संकेतस्थळावर विसंबून चालत नाही.

शेवटची_फेरी
झुंजार, स्थानिक वार्ताहराबद्दल पूर्ण सहमत. पण राज्यभराचा आकडा दाखवणाऱ्या वाहिन्यांचं तसं नसतं. ८ ऑक्टोबर २०२४ ला हरियाणात सकाळी वाहिन्यांवर काँग्रेस सहज बहुमतात होती. संध्याकाळी भाजप ४८, काँग्रेस ३७. तिथे पुढचा आकडा दाखवण्याच्या घाईत टपाली कल आणि पहिल्या फेऱ्या एकत्र केल्या गेल्या होत्या. संकेतस्थळावर प्रत्येक जागेपुढे 'कितवी फेरी, एकूण किती' दिसतं. वाहिनीच्या पट्टीवर ते नसतं. ज्या आघाडीपुढे फेरीचा क्रमांक नाही ती मोजूच नये, एवढंच माझं म्हणणं.

झुंजार
हे मान्य. फेरीचा क्रमांक सांगणारा वार्ताहर धरावा, न सांगणारा सोडावा.

त्रैराशिक
एक्झिट पोलवर अजून कुणी लिहिलं नाही.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ अ: शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही. त्याआधी 'एक्झिट पोल' म्हणून फिरणारा कोणताही तक्ता एक तर बनावट असतो किंवा बेकायदा. पुढे पाठवू नये.

खरा दाखवला गेलेला पोलही वाचायचा कसा? आधी नमुना बघा. ३०,००० माणसं म्हणजे मोठा आकडा वाटतो, पण २८८ मतदारसंघांत विभागला तर एकाला जेमतेम १०४. शंभर माणसांच्या नमुन्यात १० टक्क्यांची इकडेतिकडे धरावीच लागते. म्हणजे मतदारसंघवार अंदाज सांगणारा पोल एकेका जागेबद्दल खात्रीनं काही सांगू शकत नाही. राज्याची मतटक्केवारी त्यातून बरी निघते. पण टक्केवारीवरून जागा काढताना आणखी एक गृहीतक घुसतं, आणि बहुतेक पोल तिथेच पडतात. २०२४ च्या लोकसभेला बहुतेकांनी रालोआला ३५० च्या वर दिल्या, आल्या २९३.

तेव्हा जागांचा रकाना झाका आणि मतटक्केवारीचा वाचा. जो पोल टक्केवारी, नमुना आणि मुलाखतींच्या तारखा देत नाही त्यावर पाच मिनिटंही घालवू नयेत.

गणपुले
टक्केवारी ते जागा, याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२४ लोकसभा: भाजप २६.२ टक्के मतं, ९ जागा. काँग्रेस १६.९ टक्के, १३ जागा. अन्याय वाटतो, पण भाजप २८ जागा लढली आणि काँग्रेस १७. जास्त जागा लढवणाऱ्या पक्षाची राज्यभरातली टक्केवारी आपोआप फुगते. युती-आघाड्यांच्या राज्यात पक्षाची टक्केवारी लढवलेल्या जागांवर काढावी, किंवा सरळ दोन्ही आघाड्यांची बेरीज पाहावी. शेजारच्या बातमीत 'सर्वाधिक मतं आम्हालाच' असं वाचलं की आधी विचारावं, जागा किती लढलात?

हरियाणात तर दोन पक्षांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागांत ११ चा.

मधुमालती
अवांतर: अनामत जप्त कधी होते? एकषष्ठांश मतं नोटा धरून की सोडून?

त्रैराशिक
सोडून. नोटा वैध मतांत धरत नाहीत. वैध मतं १,९८,००० असतील तर ३३,००० पेक्षा जास्त हवीत, नेमकी ३३,००० मिळाली तरी अनामत जाते. विधानसभेला रक्कम १०,००० रुपये, लोकसभेला २५,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी.

काजवा
व्हीव्हीपॅटचं, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राचं, पण कुणीतरी लिहा. दर निकालानंतर आकडे जुळत नसल्याचे तेच ते संदेश फिरतात.

सतरा_क
लिहितो. प्रत्येक विधानसभा क्षेत्रात चिठ्ठी टाकून ५ मतदान केंद्रं निवडतात आणि त्यांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी जुळवतात. ही संख्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये एकावरून पाचवर नेली. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात शंभर टक्के मोजणीची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर ७ दिवसांत ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते असं ठरवलं. खर्च मागणाऱ्याचा, फेरफार सापडला तर पैसे परत.

असा संदेश आला की तीन गोष्टी विचारा. मतदारसंघ कोणता? बूथ क्रमांक कोणता? त्या बूथच्या १७ क वर किती मतं आहेत? १७ क ची प्रत प्रत्येक उमेदवाराच्या बूथ प्रतिनिधीला मिळते, म्हणजे ती किमान चार-पाच जणांच्या खिशात असते. या तिन्हींची उत्तरं असलेली तक्रार गंभीरपणे घ्यावी, मग ती कोणत्याही पक्षाची असो. निवडणूक याचिकेला निकालापासून ४५ दिवसांची मुदत असते, आणि तिथे हेच कागद लागतात.

देवराई
घरातल्या नादिष्ट माणसाला रोज सांभाळणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. मृद्गंध यांनी लिहिलेलं वेळापत्रकच उपाय आहे. बातम्यांच्या अॅपच्या सूचना पूर्ण बंद करायच्या आणि गजर लावायचे. प्रचाराच्या काळात सकाळी एक वर्तमानपत्र आणि रात्री एक बातमीपत्र. उमेदवारीच्या शेवटच्या दिवशी आणि माघारीच्या दिवशी दुपारी ४ नंतर यादी. मतदानाच्या दिवशी पाच गजर. मोजणीच्या दिवशी सकाळी १० च्या आधी टीव्ही लावायचाच नाही, तोवर दोन-तीन फेऱ्या झालेल्या असतात. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. त्यात मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत पाहण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे वेळापत्रक अंगवळणी पाडायला तोच काळ सोयीचा.

झोपेचं मात्र कडक पाळा. रात्री अकरानंतर येणाऱ्या राजकीय बातम्यांतली एखादीच सकाळपर्यंत टिकते.

झुंजार
देवराई, १० च्या आधी टीव्ही नाही हे नादिष्टांना जमणार नाही. त्यापेक्षा त्यांना कागद-पेन्सिल द्या आणि एकाच मतदारसंघाच्या फेऱ्या लिहायला बसवा. हाताला काम मिळालं की वाहिन्या बदलणं आपोआप थांबतं.

देवराई
हे आवडलं. घरच्यांना सांगते.

पारावरचा
महापालिका, ग्रामपंचायतींना हेच सगळं लागू होतं का?

एबीफॉर्म
बरंचसं नाही. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आयोगच वेगळा. त्यामुळे केंद्राच्या आयोगाच्या संकेतस्थळावर त्यांचे निकाल शोधू नका. मुंबई सोडून इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असतात, एका मतदाराला तीन-चार मतं द्यायची असतात. म्हणून पक्षाच्या मतांची बेरीज मतदारसंख्येपेक्षा मोठी दिसते, ती चूक नव्हे. मुंबईत २२७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक. मतं समसमान झाली तर चिठ्ठी: २०१७ ला मुंबईच्या प्रभाग २२० मध्ये तसंच झालं.

ग्रामपंचायत तर पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. निकालाच्या संध्याकाळी 'राज्यात आम्हीच पहिले' असं तीन-तीन पक्ष म्हणतात आणि त्यातला एकही आकडा अधिकृत नसतो. सरपंच थेट निवडून येतो, तेवढी नावं पक्की. पक्षवार तक्ते वाचण्यात वेळ घालवू नये.

अक्षांश
सगळ्यांचे आभार, विचारलं त्यापेक्षा बरंच जास्त मिळालं. शेवटचा प्रश्न सतरा_क यांना: निकालानंतर बूथवार अभ्यास करायचा तर नमुना २० कुठून घ्यायचा आणि सुरुवात कशी करायची?

सतरा_क
महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघवार पीडीएफ असतात. निकालानंतर काही आठवडे जातात, लगेच शोधू नका. बऱ्याच फायली छापील कागद स्कॅन केलेल्या असतात, त्यामुळे आकडे हातानं भरावे लागतात. ३२२ बूथ आणि पहिले चार उमेदवार असं धरलं तर दोन संध्याकाळचं काम.

रकाने असे ठेवा: बूथ क्रमांक, बूथचं ठिकाण, गाव किंवा प्रभाग, एकूण मतदार, पडलेली मतं, पहिले चार उमेदवार, बाकीचे सगळे उमेदवार मिळून, नोटा. नमुना २० मध्ये फक्त क्रमांक असतो, ठिकाण नसतं. ते मतदान केंद्रांच्या यादीतून जोडायचं. प्रत्येक ओळीतल्या उमेदवारांच्या मतांची बेरीज (नोटा सोडून) नमुना २० मधल्या त्याच ओळीच्या एकूण वैध मतांशी जुळवून पाहा, भरताना झालेली चूक तिथेच सापडते.

मागच्या निवडणुकीशी तुलना बूथ क्रमांकावरून करू नका. एका केंद्रावरच्या मतदारांची कमाल संख्या आता १,५०० वरून १,२०० वर आणली आहे, म्हणजे बूथ फुटतात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०१९ चा ८७ क्रमांक आणि पुढच्या खेपेचा ८७ क्रमांक दोन वेगळ्या गावांत असू शकतात. गावाच्या पातळीवर बेरीज करा आणि गावाची गावाशी तुलना करा. टपाली मतं शेवटच्या ओळीत वेगळी असतात, ती कोणत्याच गावात मिळवू नका.